एक भागिले बहात्तर

प्लॅस्टिक किटच्या खोक्यावर कोपऱ्यात १/७२ असे छापलेले असते आणि ते वाचून बहुतेकांचा समज होतो की हा सारा भागाकाराचा मामला आहे. खऱ्या विमानाचे माप घ्यायचे, बहात्तराने भागायचे, उत्तर येईल तेवढा तुकडा कापायचा. हात स्थिर असला आणि चिकाटी असली की विमान तयार. या समजुतीमुळेच छोट्या प्रतिकृती करणाऱ्याचे कौतुक होते ते नजरेचे आणि बोटांचे, डोक्याचे फारसे कुणी करत नाही. माझे म्हणणे असे की भागाकार हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. तो लागतोच, आणि काही ठिकाणी तर तो कसोशीने, अर्ध्या मिलिमीटरचीही सूट न घेता करावा लागतो. पण एका टप्प्यानंतर तो साथ सोडतो, आणि प्रतिकृती खरी वाटणार की खोटी हे तिथून पुढे ठरते. तिथे दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: हे विमान किती अंतरावरून पाहिलेले आहे, आणि कोणत्या घटकेचे आहे? ही उत्तरे ज्याने मनाशी पक्की केली नाहीत त्याचे मॉडेल कितीही बारीक कलाकुसरीचे असले तरी शोकेसमधली वस्तूच राहते. हे पडताळून पाहायला पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी विमानासारखे दुसरे उदाहरण नाही, कारण त्या विमानांचा सांगाडा, ताणलेल्या तारा, उघडे इंजिन असे सगळे बाहेरच असते. आजच्या जेट विमानाची गुळगुळीत कातडी बरेच काही झाकून घेते, दुपंखीत लपायला जागा नाही.

उदाहरणासाठी सॉपविथ कॅमल घेऊ. हे इंग्रजी लढाऊ विमान डिसेंबर १९१६ मध्ये पहिल्यांदा उडाले, १९१७ च्या मध्यावर आघाडीवर आले आणि युद्ध संपेपर्यंत साडेपाच हजारांच्या आसपास तयार झाले. पुढच्या दोन मशिनगनांवर पत्र्याचे उंचवट्यासारखे आवरण होते, त्यावरून त्याला कॅमल म्हणू लागले. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत २८ फूट, म्हणजे ८.५३ मीटर. ती १/७२ मध्ये १२ सेंटिमीटरच्या किंचित आत येते, १/४८ मध्ये पावणेअठरा आणि १/३२ मध्ये साडेसव्वीस सेंटिमीटरच्या आसपास. या तिन्ही मापांत कॅमलचे किट निघाले आहेत: ब्रिटनच्या एअरफिक्सचे सर्वांत छोटे, चेक प्रजासत्ताकातल्या एडवर्डचे मधले, आणि चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये सुरू केलेल्या विंगनट विंग्जचे मोठे. ही शेवटची कंपनी २०२० मध्ये बंद पडली. १/७२ हे प्रमाण काही मुहूर्त पाहून ठरलेले नाही. इंग्रजी मोजमापात फुटाचे बारा इंच, त्यामुळे बहात्तराने भागले की सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये लाकडी किट निघू लागले तेव्हा हाच हिशेब सोयीचा पडला आणि पुढे प्लॅस्टिकनेही तो उचलला.

आधी भागाकाराच्या बाजूने बोलू, कारण तो जिथे चालतो तिथे त्याच्याशी खेळ करता येत नाही. कॅमलमध्ये इंजिन, वैमानिक, बंदुका आणि पेट्रोलची टाकी एवढे सगळे वजन नाकापासूनच्या सुमारे सात फुटांत कोंबलेले होते. इंजिन रोटरी जातीचे. यात मधला दांडा विमानाला घट्ट बसवलेला आणि नऊ सिलिंडरांचा अख्खा गठ्ठा पंख्याबरोबर गरगर फिरणारा. एवढा जड भोवरा आखूड नाकात फिरत असल्यामुळे विमान उजवीकडे झपाट्याने वळे आणि वळताना नाक खाली टाकी, तर डावीकडे वळताना नाक वर उचली. सरावलेल्या वैमानिकाच्या हातात हीच खोड शस्त्र ठरली आणि नवशिक्याच्या हातात मरण. या विमानात लढताना जितके वैमानिक मेले, जवळजवळ तितकेच अपघातांत गेले. बहात्तर पट लहान प्रतिकृतीत भोवऱ्याचा हा परिणाम दाखवणे शक्य नाही. पण त्याचे कारण दाखवता येते, आणि ते फक्त मापातूनच दाखवता येते. ते सात फूट तीन सेंटिमीटरचे होतात. नाक दोन मिलिमीटर लांबले तर खऱ्या विमानाच्या हिशेबात जवळपास १५ सेंटिमीटरची चूक झाली आणि कॅमलची ती दबा धरून बसल्यासारखी ठेवण नाहीशी झाली. रंग कितीही सुरेख द्या, ती परत येत नाही.

पंखांचेही तसेच. कॅमलचा वरचा पंख अगदी सपाट आहे आणि खालचा पंख मात्र टोकाकडे पाच अंशांनी वर उचललेला. मूळ विचार दोन्ही पंख थोडे थोडे उचलायचा होता. बांधणी सोपी व्हावी म्हणून वरचा सरळ ठेवला आणि सगळी उचल खालच्यावर टाकली. त्यामुळे दोन पंखांमधले अंतर धडाजवळ जास्त आणि टोकाकडे कमी होत जाते. समोरून पाहिले की ही निमुळती फट ताबडतोब डोळ्यात भरते, आणि दुपंखी किट जोडणाऱ्यांची सर्वांत मोठी फजिती नेमकी इथेच होते. खालचा पंख चिकटवताना तो हलकेच खाली झुकतो, डिंक वाळतो, आणि वरचा पंख बसवायची वेळ आल्यावर खांब आखूड पडतात. खऱ्या विमानाची जुळणी करणारे कारागीर ओळंबा आणि कोन मोजायची पट्टी घेऊन तासन् तास हेच काम करत. मॉडेलमध्येही पुठ्ठ्याचा किंवा लेगोच्या ठोकळ्यांचा साचा करून पंख त्यात अडकवून वाळू द्यावे लागतात. कंटाळवाणे काम आहे आणि बरेच जण ते उरकतात. ज्यांनी उरकले त्यांचे विमान फोटोत नेहमी तिरक्या कोनातून दिसते, समोरून कधीच नाही.

एवढ्यापुरता भागाकार राजा. पण दुपंखी विमानाला दुपंखी करतात त्या तारा, आणि तारांपाशी आल्यावर हिशेब डळमळू लागतो. या तारा शोभेच्या नाहीत. त्या काळचे पंख पातळ. लाकडी तुळ्या आणि बरगड्यांवर कापड ताणून केलेले. एकट्याने ते विमानाचे वजन पेलू शकले नसते. ऑक्टेव्ह शानूट या अमेरिकी अभियंत्याने आयुष्यभर रेल्वेचे पूल बांधले होते, त्याने १८९६ मध्ये आपल्या ग्लायडरला पुलाचीच रचना दिली: वर एक पंख, खाली एक पंख, मध्ये उभे खांब आणि प्रत्येक खणात तिरक्या तारा. खांब दाब सोसतात, तारा ताण. राइट बंधूंनी तीच रचना उचलली आणि तिथून ती कॅमलपर्यंत आली. उडताना पंख वर उचलले जातात तेव्हा धडाच्या तळापासून वरच्या पंखाकडे बाहेर जाणाऱ्या तारा भार घेतात. विमान जमिनीवर उभे असताना पंख खाली लोंबू नयेत म्हणून वरच्या पंखाच्या मध्यापासून खालच्या पंखाकडे जाणाऱ्या दुसऱ्या तारा असतात. कॅमलमध्ये उड्डाणाचा भार घेणाऱ्या तारा दुहेरी होत्या, जमिनीवरचा भार घेणाऱ्या एकेरी. इंग्रजांनी या तारांना गोल न ठेवता डोळ्याच्या आकाराचा चपटा छेद दिला होता, वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून. सुकाणू हलवणाऱ्या तारा मात्र पिळाच्या, गोल. हे समजून घेतले की मॉडेलवर दोरा कुठे दुहेरी ओढायचा, कुठे एकेरी, याचा नकाशा पाठ करावा लागत नाही. पंख कुठे जाऊ पाहतो आहे असे स्वतःला विचारले की तार कुठे हवी ते कळते.

आता त्या तारेची रुंदी साधारण ६ मिलिमीटर धरा आणि भागा. उत्तर येते ०.०८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाएवढे. दोरा म्हणून ते वापरणे फार अवघड, आणि वापरले तरी दिसेल का? इथे अंतराचा प्रश्न येतो. टेबलावरचे मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. १/७२ च्या जगात ते अंतर २१.६ मीटर होते. म्हणजे हातात धरलेले मॉडेल पाहणारा माणूस खऱ्या कॅमलपासून चांगल्या सहा-सात मजली इमारतीच्या उंचीइतक्या अंतरावर उभा आहे. नितळ नजरेच्या माणसाला दोन ठिपके वेगळे दिसायला डोळ्याशी सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन व्हावा लागतो. २१.६ मीटरवर तो सव्वासहा मिलिमीटर होतो. त्याहून बारीक तपशील त्या अंतरावरून वेगळा ओळखू येत नाही. हे गणित कुणी छंदापायी काढलेले नाही. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ मापाची पाच लाख लाकडी विमाने करून मागवली, सैनिकांना आपले आणि शत्रूचे विमान ओळखायला शिकवण्यासाठी. साडेदहा मीटरवर धरलेले असे मॉडेल पाऊण किलोमीटरवरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. त्या मॉडेलांवर खिडक्या, पत्र्यांचे सांधे यांतले काही नव्हते, नुसता काळा आकार. आणि ज्या अंतरासाठी ती केली होती त्या अंतरावर ती पूर्ण खरी होती.

हा हिशेब हाताशी आला की किटमध्ये काय खोटे आहे ते ओळखू येते. दुपंखी किटांचा जुना रोग म्हणजे बरगड्यांमध्ये खोल गेलेले कापड. पंखावर एका मागोमाग एक दऱ्या दिसतात, जणू विमान महिनाभर उपाशी आहे. खरे लिनन विमानावर शिवल्यानंतर त्यावर डोप नावाचे सेल्युलोजचे द्रावण फासत. वाळताना ते आवळे आणि कापड ढोलाच्या पानासारखे ताठ होई. दोन बरगड्यांमध्ये ते पाच मिलिमीटर खाली गेले असे मानले तरी १/७२ मध्ये ती खोली ०.०७ मिलिमीटर होते, म्हणजे रंगाच्या दोन-तीन हातांएवढी. किटवर ती पाव मिलिमीटर असेल तर खऱ्या विमानावर १८ मिलिमीटर खोल पन्हळी पडल्या असे म्हणावे लागेल. काही किटांवर कापडाची वीणसुद्धा कोरलेली असते. तिचा तर प्रश्नच येत नाही, कारण वीण हातभर अंतरावरूनही जेमतेम कळते. उलट बरगड्यांवर चिकटवलेल्या दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या कापडी पट्ट्या वीस मीटरवरूनही दिसतात, आणि त्या दाखवायलाच हव्यात, फक्त उंचवटा म्हणून नव्हे तर रंगातल्या बारीकशा फरकाने. पंखाच्या मागच्या धारेचेही असेच. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकची धार अर्ध्या मिलिमीटरहून पातळ सहसा नसते, म्हणजे खऱ्या मापात ३६ मिलिमीटर. इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाची, म्हणजे काउलिंगची कडही तेवढीच जाड येते, लढाऊ जहाजाला शोभावी अशी. म्हणून जाणकार मंडळी पुढचे काही करण्याआधी पॉलिश पेपर घेऊन कडा आतल्या बाजूने घासून पातळ करतात. बाहेरचे माप तेवढेच राहते, जाडी फक्त डोळ्याला नाहीशी वाटते.

मग तारा? त्या सव्वासहा मिलिमीटरच्या मर्यादेवरच आहेत, तर गाळून टाकाव्यात? अनेकांनी १/७२ मध्ये तसेच केले आहे आणि युक्तिवादही हाच केला आहे. तो मला पटत नाही, आणि त्याचे कारणही डोळ्यातच आहे. ठिपका दिसायला लागतो तेवढा कोन लांब, सलग रेघ दिसायला लागत नाही. रस्त्यावरच्या खांबांमधली वीजतार कितीतरी लांबून आकाशावर स्पष्ट दिसते, तिची जाडी त्या अंतरावरून मोजता येणार नाही इतकी कमी असली तरी. कॅमलच्या तारा तशाच दिसतात: जाडी म्हणून नाही, रेघ म्हणून. म्हणजे मॉडेलवर त्या असल्या पाहिजेत, पण त्यांना जाडी आहे असे वाटता कामा नये. गळाच्या तंगूसाचा सर्वांत बारीक प्रकार ०.१ मिलिमीटरच्या आसपास मिळतो, तो चालतो; ताणता येणारा लायक्राचा धागा अधिक बरा, कारण तो सैल पडत नाही आणि नाजूक पंखाला ओढून वाकवत नाही. पैसे न घालवता करायचे तर किटच्या चौकटीची प्लॅस्टिक काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवत मऊ करायची, ज्योतीबाहेर काढून क्षणभर थांबायचे आणि दोन्ही टोकांना धरून सावकाश ओढायचे. केसाएवढा धागा निघतो. घाई केली तर तुटतो, जास्त थांबले तर जाड राहतो. हा धागा रंगवायचा गडद पोलादी राखाडी, चमकता चांदीसारखा नव्हे. चकचकीत रंग दिला की डोळा त्याची जाडी मोजू लागतो आणि सगळा आभास ढासळतो. धागा पंखात शिरतो तिथे अर्ध्या मिलिमीटरचे भोक आधी, रंग देण्यापूर्वी पाडून ठेवलेले असावे; वरचा पंख बसल्यावर ड्रिल घालायला जागा उरत नाही.

यावर कडवा मोजमापवादी म्हणेल की हे सगळे नजरबंदीचे तंत्र झाले. दिसते तेवढेच करायचे ठरवले तर मग सत्याशी देणेघेणे काय राहिले? हा आक्षेप वजनदार आहे. कॉकपिटच्या बाबतीत तो सर्वांत धारदार होतो. कॅमलच्या कॉकपिटमध्ये वेताची बैठक होती, कंपास, उंची आणि वेग दाखवणारी यंत्रे होती, आणि काचेची एक छोटी नळी होती जिच्यात एरंडेल तेलाची उसळी पाहून वैमानिकाला इंजिनात तेल पोहोचते आहे हे कळे. दांड्यावर इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडायचे बटण होते, कारण रोटरी इंजिनाचा वेग कमी-जास्त करायला तो एक मुख्य मार्ग होता. १/७२ मध्ये बंदुकांच्या मागच्या त्या चिंचोळ्या तोंडातून यातले बैठकीच्या पाठीखेरीज काहीही दिसत नाही. मग करायचे का? माझे उत्तर असे की १/७२ मध्ये नाही, पण अंतर बदलले की उत्तरही बदलते. १/३२ चे मॉडेल पाहणारा खऱ्या विमानापासून साडेनऊ मीटरवर असतो. त्याला तीन मिलिमीटरचा तपशील कळतो आणि वेताची वीणसुद्धा रंगाने सुचवावी लागते. मॉडेल एअरवेज या ब्रँडचे कॅमलचे किट १/१६ मापाचे आहे, लाकूड आणि धातूचे, आणि त्याला कापड चढवायचेच नसते. तिथे पाहणारा पाच मीटरच्या आत आला. त्या मॉडेलमध्ये प्रत्येक बरगडी, धडातली प्रत्येक आडवी तार हवी, कारण विमान कसे बांधले होते हेच त्याचे सांगणे आहे. कापड वगळणे हीसुद्धा गाळणीच. मोजमापवाद्याला ती खटकत नाही, एवढेच. म्हणून प्रश्न सत्य की आभास असा नाहीच, आपण कुठे उभे आहोत हे आधी सांगितले आहे की नाही असा आहे.

रंगाच्या बाबतीत तर भागाकार करता येत नाही हे उघडच आहे, तरी वाद सगळ्यात जास्त इथेच होतात. कॅमलच्या वरच्या बाजूला पी.सी. १० नावाचा लेप होता. त्यात लोखंडाची पिवळी माती आणि काजळी असे. कापड उन्हाने कुजू नये हा त्याचा मूळ हेतू. प्रमाण थोडे बदलले, थर जाड झाला, तेल मुरले की तोच लेप तपकिरीपासून हिरवट खाकीपर्यंत कसाही दिसे. त्यामुळे अमुक कंपनीच्या अमुक क्रमांकाची बाटलीच खरी हे भांडण निरर्थक आहे. एका विशिष्ट मर्यादेतली कोणतीही छटा बरोबर असू शकते. पुरावा म्हणून लोक जुन्या छायाचित्रांकडे वळतात, आणि ती फसवतात. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे पंखावरच्या ब्रिटिश ओळखचिन्हाच्या चक्रातला लाल ठिपका काळाकुट्ट येतो आणि भोवतालचा गडद निळा पट्टा फिका पडतो. हे ठाऊक नसलेल्याने फोटोवरून निळा ठरवला तर तो आकाशी लावून बसेल. खालची बाजू मात्र सोपी वाटते: बिनरंगी डोप दिलेले नैसर्गिक लिनन, बदामीसर. पण विमान आकाशात किंवा उन्हात असताना हे कापड अर्धपारदर्शक असते. खालून पाहिले तर बरगड्यांच्या सावल्या दिसतात, वरच्या बाजूचे चक्र गोल डागासारखे उमटते. प्लॅस्टिकमधून उजेड येत नाही. म्हणून या सावल्या आधी गडद रंगाने आखून त्यावर बदामीचे पातळ थर देत त्या विरघळवत न्याव्या लागतात. म्हणजे खऱ्या पंखावर ज्या रंगाचा थेंबही नव्हता तो मॉडेलवर लावायचा, तेव्हा ते खरे दिसते. आणि मॉडेल जर तंबूच्या सावलीत उभे असलेले दाखवायचे असेल तर याच सावल्या नकोत.

इथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे सरकतो: कोणत्या घटकेचे? हरदित सिंग मलिक हे पहिल्या महायुद्धात कॅमल चालवणारे भारतीय वैमानिक. पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. २६ ऑक्टोबर १९१७ च्या चकमकीत त्यांच्या पायात गोळी लागली आणि विमान कसेबसे आपल्या हद्दीत येऊन आदळले. त्या विमानात चारशेहून जास्त गोळ्यांची भोके मोजली गेली असे सांगतात. त्यांचे कॅमल करायला घेणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा तीच चारशे भोके येणार. जर्मन गोळीची जाडी ७.९२ मिलिमीटर, १/७२ मध्ये ०.११. टोकदार पेन्सिलने ठिपके देऊन ती दाखवता येतील. पण दाखवावीत का? त्या सकाळी उड्डाणापूर्वी कापड धड होते. भोके पडली तेव्हा ते हवेत होते, आणि जमिनीवर आले तेव्हा मोडलेले. चारशे भोके अंगावर घेऊन चाकांवर नीट उभे असलेले कॅमल कोणत्याच घटकेला अस्तित्वात नव्हते. प्रत्येक तपशील सुटा सुटा खरा आणि एकत्र केल्यावर खोटा, असे इथे होते. हे डागांच्या बाबतीत सर्रास चालते. रोटरी इंजिन एरंडेल जाळत नाही, बाहेर फेकते. त्यामुळे पोटाखाली आणि बाजूंना तेलाचे ओघळ येतात हे खरे. मग मॉडेलवर तपकिरी ओघळांची फॅशन आली आणि आता कित्येक विमाने गॅरेजच्या फरशीसारखी दिसतात. मेकॅनिक लोक रोज हे तेल पुसत, आणि आघाडीवरच्या विमानाचे आयुष्यही फार नसे. उड्डाणाहून नुकतेच परतलेले विमान असेल तर ओले, चमकते, बिनरंगी तेल हवे. सकाळी बाहेर काढलेले असेल तर जवळजवळ काहीच नको. दोन्हींची सरासरी कुठल्याच विमानावर नव्हती.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो आजच्या काळाचा आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये, ब्रुसेल्समध्ये, पोलंडमध्ये क्राकूवला अस्सल कॅमल अजून जपलेली आहेत. ती लेझरने मोजावीत, संगणकात भरावीत आणि रेझिनच्या प्रिंटरमधून काढावीत. मग निवड, विवेक, हे सगळे कशाला? प्रिंटरवर माझा राग नाही. बंदुकीच्या नळीभोवतीच्या आवरणातल्या फटी, वेताची बैठक, सिलिंडरांवरच्या बारीक चकत्या या गोष्टी प्रिंटर हातापेक्षा निःसंशय चांगल्या करतो आणि हौशी लोकांनी खुशाल त्याच्याकडून करून घ्याव्यात. पण तो करतो तो भागाकारच, फक्त अधिक अचूक. संग्रहालयातल्या विमानाचे कापड शंभर वर्षांत बदललेले असते, लेप आधुनिक असतो, तारा पुन्हा ताणलेल्या असतात. यंत्र मोजते ते आजचे विमान. १९१७ चे हवे असेल तर मोजमापातले काय ठेवायचे आणि काय नाकारायचे हे पुन्हा माणसालाच ठरवावे लागते, आणि ०.०८ मिलिमीटरची तार प्रिंटरलाही अजून नीट जमत नाही. याच्या उलट टोकाला एक तक्रार ऐकू येते की सगळे निवडीवरच असेल तर मग काहीही केले तरी चालेल. तसे होत नाही. अंतर आणि घटका एकदा जाहीर केली की चूक शोधणे उलट सोपे होते: उन्हातल्या विमानाच्या पंखाखाली सावल्या नाहीत, १/३२ चे असून बैठक कोरी आहे, चक्राचा निळा आकाशी झाला आहे. असे बोट ठेवून दाखवता येते. काहीच जाहीर न केलेल्या मॉडेलवर मात्र सुबक झाले आहे यापलीकडे बोलताच येत नाही.

आपल्याकडे हे सगळे वापरून पाहायला एक विमान वाट पाहते आहे. १ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभी राहिली ती चार वेस्टलँड वापिटी विमानांवर. हेही दुपंखी, कॅमलपेक्षा बरेच मोठे, दोन खणांचे, १४.१५ मीटर रुंदीचे. बहात्तराने भागले तर वीस सेंटिमीटरला थोडे कमी. युद्धातून उरलेल्या डी.एच. ९ए विमानांचे सुटे भाग वापरता यावेत म्हणून त्याचे पंख त्याच नमुन्याचे ठेवले होते. जगात उरलेली एकमेव वापिटी दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे, आणि कॅमलसारखी किटांची रेलचेल तिच्या वाट्याला कधी आली नाही. करायची तर बहुतेक सगळे आराखडे, फोटो आणि हातकाम यांवर. तिच्यासाठी पालमला जाणाऱ्याने दोन संच फोटो काढावेत. एक अगदी जवळून, तारांची टोके, खांबांचे जोड, बरगड्यांवरच्या पट्ट्या, शक्य असेल तिथे चौकटीत मोजपट्टी धरून. हा संच विमान कसे जोडले आहे हे सांगेल. दुसरा जागा मिळेल तितक्या मागून, सर्व बाजूंनी, काही न मोजता. रंगकामाला बसल्यावर टेबलावर समोर ठेवायचा तो हा दुसरा संच, आणि पहिला तेव्हा खणात असलेला बरा.